थोरली पाती, धाकटी पाती

पाऊस लागला की पुण्यात दोन धंदे तेजीत येतात. एक झुरळं मारून देणाऱ्यांचा आणि दुसरा भोर-वेल्ह्याकडे खेकडे खाऊ घालणाऱ्यांचा. शुक्रवारी पहिल्याला पैसे मोजून ओट्याखालच्या सहा पायांच्या प्राण्याचा निकाल लावायचा आणि रविवारी दुसऱ्याला पैसे मोजून दहा पायांचा प्राणी ताटात मागवायचा, हे आपण एकाच आठवड्यात, एकाच पाकिटातून करतो. दोघांनाही कवच, दोघांनाही मिशा. दोघंही फटीत राहणार, अंधार पडल्यावर बाहेर निघणार आणि मिळेल ते खाणार. तरी एकाच्या वाट्याला चप्पल येते आणि दुसऱ्याच्या वाट्याला काळा मसाला. हा न्याय कोणत्या कलमाखाली होतो ते एकदा पाहावं असं मला फार दिवसांपासून वाटत होतं. माझी सासुरवाडी वेल्हे तालुक्यात असल्याने एका पक्षाची गाठ तिकडे पडली. दुसरा पक्ष पुण्यात माझ्या घरीच राहतो.

वेल्हे तालुक्याला सरकारदरबारी आता राजगड तालुका म्हणतात. खेकड्यांना अजून कळवलेलं नसावं, कारण ते पूर्वीच्याच पत्त्यावर सापडतात. चेलाडी फाट्यावरून आत वळून नसरापूर, मार्गासनी करत पुढे गेलं की तोरणा-राजगडाच्या अंगावरून उतरणारा एकही ओढा बिनखेकड्याचा नाही. शेजारच्या भोर तालुक्यात वेळवंडीच्या आणि नीरेच्या खोऱ्यात, हिर्डोशीवरून वरंधा घाटाकडे जाताना तीच गत. मृगाचा पाऊस झाला की बिळांत पाणी भरतं आणि खेकडे बाहेर पडतात. रात्री पोरं बॅटऱ्या घेऊन ओढ्याला जातात. दिवसा काठीला कोंबडीचं आतडं बांधून ते दगडाखाली धरायचं आणि खेकड्याने नांगी घातली की अलगद ओढून घ्यायचा. मग रस्त्याकडेला बाया पाट्या घेऊन बसतात आणि पुण्याच्या गाड्या करकचून थांबतात.

त्या पाट्यांबद्दल एक गोष्ट नमूद करायला हवी. मराठी खेकड्यांच्या टोपलीला झाकण लागत नाही, कारण एक वर चढला की बाकीचे त्याचा पाय ओढतात, हे आपण आजवर इतक्या स्नेहसंमेलनांत ऐकलं आहे की त्यावर शंका घेणं म्हणजे मराठी बाण्यावर शंका घेणं. पण खेकडे विकणाऱ्या बाईची पाटी बघा. वर गोणपाट असतं आणि ते सुतळीने आवळून बांधलेलं असतं. न बांधता ठेवलेली पाटी घटकाभरात रिकामी होते, आणि एकही खेकडा मागे राहून भाषण करत नाही.

तर फरक. माझ्या मेहुण्याचा मुलगा शाळेत आहे आणि त्याच्या वहीत ‘फरक स्पष्ट करा : खेकडा व झुरळ’ असा तक्ता आहे. तक्ता चोख आहे. झुरळाला पाय सहा, खेकड्याला नांग्या धरून दहा. झुरळाचं डोकं, छाती आणि पोट असे तीन वेगळे भाग. खेकड्याचं डोकं आणि छाती एकाच ढालीखाली गेलेली, आणि पोट तर चपटं होऊन खाली दुमडलेलं. ही पोटाची झडप रुंद असली की मादी, निमुळती असली की नर. झुरळाला मिशांची एक जोडी, खेकड्याला दोन, पण त्या इतक्या आखूड की मिशीचा मान झुरळाकडेच जातो. खेकडा कल्ल्यांनी श्वास घेतो आणि कल्ले ओले असेपर्यंत पाण्याबाहेरही हिंडतो. झुरळाला कल्ले नाहीत, फुप्फुसंही नाहीत. त्याच्या अंगावर दोन्ही बाजूंना बारीक भोकं असतात आणि तिथून हवा नळ्यांनी थेट आत जाते. नाकातोंडावर काहीच अवलंबून नसल्यामुळे डोकं गेलं तरी झुरळ काही दिवस जगू शकतं. डोक्यावाचून अडत नाही अशी उदाहरणं माणसांतही दिसतात, पण ती या तक्त्यात नाहीत.

रक्ताचीही तऱ्हा वेगळी. आपल्या रक्तात प्राणवायू वाहायला लोह, खेकड्याच्या रक्तात त्याच कामाला तांबं. म्हणून ते हवा लागली की निळसर दिसतं. झुरळाच्या रक्तात त्या कामाला ना लोह ना तांबं, कारण हवा पोचवायचं काम नळ्यांनीच उरकलेलं असतं. इथवर वाचून मला बरं वाटलं. दहा पाय, कल्ले, तांबं : म्हणजे खेकडा खाणं आणि झुरळ न खाणं याला शास्त्राचा भक्कम आधार आहे.

हा आधार शास्त्रानेच काढून घेतला. जुन्या पुस्तकांत कवचधारी प्राण्यांचं घराणं वेगळं, कीटकांचं वेगळं, आणि कीटकांची सोयरीक गोम-पैशांशी, असं असायचं. गेल्या तीसेक वर्षांत जनुकं तपासून पाहिली, तेव्हा सातबारा भलताच निघाला. कीटक हे वेगळं घराणं नाहीच; कवचधाऱ्यांच्याच घराण्यातली ती एक पाती आहे. फार पूर्वी काही भावंडं पाणी सोडून जमिनीवर आली आणि त्यांच्या वंशात मुंगी, ढेकूण, कसर, झुरळ अशी मंडळी झाली. थोरल्या पातीत खेकडे, कोळंब्या आणि शेवंडी. विंचू आणि कोळी यांचा गावच वेगळा. म्हणजे खेकड्याला विंचू दिसायला जवळचा वाटला, तरी वारसनोंदीत नाव झुरळाचं लागेल. भोर-वेल्ह्यात जमिनीचे भाव वाढल्यापासून मुंबईत तीन पिढ्या राहिलेले भाऊबंद अचानक उगवतात आणि हिस्सा मागतात, हे मी सासुरवाडीला अनेकदा पाहिलं आहे. पण रश्श्यातल्या खेकड्याचा चुलतभाऊ आपल्या गॅसच्या शेगडीखाली राहतो, ही नोंद कोणत्याच तलाठ्याने मला दाखवली नव्हती.

आणि एकदा नातं कळलं की ते सगळीकडे दिसू लागतं. दोघांचंही कवच मुळात एकाच पदार्थाचं, कायटीनचं. खेकडा वरून चुन्याचा गिलावा देतो, एवढंच. कवच वाढत नाही, म्हणून दोघांनाही ठरावीक काळाने ते टाकून नवं घ्यावं लागतं. नुकती कात टाकलेला खेकडा मऊ असतो. जगभर मोठ्या हॉटेलांत तो मऊ म्हणूनच जास्त पैसे घेऊन वाढतात. नुकती कात टाकलेलं झुरळ पांढरंफेक असतं. ते दिसलं की घरातले लोक ‘अय्या, पांढरं झुरळ!’ म्हणून सगळ्यांना बोलावतात आणि मग त्याच चपलेने मारतात. अवस्था तीच, कौतुकही तेवढंच, पण बिल वेगळं.

आई म्हणूनही दोघी सारख्या. ओढ्यातली खेकडीण अंडी पोटाच्या झडपेखाली बाळगते आणि त्यातून थेट बोटाच्या पेरावर मावतील असे खेकडेच बाहेर पडतात. स्वयंपाकघरातलं छोटं तांबूस झुरळही तीस-चाळीस अंड्यांची डबी पोटाशी धरून हिंडतं आणि पिल्लं निघायच्या सुमारालाच ती सोडतं. एकीला आपण ‘गाभोळी असेल तर बघा’ असं मागून घेतो. दुसरीची डबी दिसली की घर सोडायची भाषा होते.

‘पण झुरळ घाणीत असतं हो,’ असं कोणीतरी म्हणतंच. मला हा युक्तिवाद कोंबडीचं आतडं बांधलेली ती काठी पाहिल्यापासून पटत नाही. खेकडा ओढ्यातला कुजलेला पाला खातो, मेलेला बेडूक खातो, मेलेला मासा खातो, वेळ आली तर दुसरा खेकडाही खातो. गोड्या पाण्यातला खेकडा अर्धाकच्चा खाल्ला तर फुप्फुसात कृमी होऊ शकतात. म्हणून तो नीट शिजवायचा असतो. माझ्या सासूबाईंना कृमी ठाऊक नाहीत, पण अर्धाकच्चा खेकडा त्यांच्या चुलीवरून उतरणं शक्य नाही. त्या डेंगे वेगळे काढतात, बारीक पाय पाट्यावर ठेचतात, पाण्यात कालवून ते पाणी फडक्यातून गाळतात आणि भाजल्या खोबऱ्या-कांद्याच्या वाटणात सोडतात. रस्सा रटरटतो, हिरवट तपकिरी कवचं केशरी होतात. हा रंग खेकड्यात आधीपासूनच असतो. एका प्रथिनाने त्याला धरून ठेवलेलं असतं आणि आच लागली की तो सुटतो. झुरळाच्या अंगात असा काही रंग दडलेला असल्याचं मी वाचलेलं नाही, आणि पातेल्यात घालून खात्री करण्याइतकी माझी विज्ञाननिष्ठा प्रखर नाही.

नात्याचा सगळ्यात सज्जड पुरावा मात्र आपल्या शरीरातच आहे. कोळंबी किंवा खेकडा खाल्ला की काहींच्या अंगावर गांध्या उठतात. त्याला बहुतेक वेळा ट्रोपोमायोसिन नावाचं स्नायूंतलं प्रथिन कारण असतं. अगदी तसंच प्रथिन झुरळातही असतं आणि अंथरुणातल्या धुळीच्या किड्यातही. त्यामुळे ज्याला कोळंबी सोसत नाही, त्याला कधीकधी झुरळांनी भरलेलं घरही सोसत नाही. जीभ फसते, डोळे फसतात. पण आपलं रक्त दोघांना एकाच आडनावाने ओळखतं.

मग उरला प्रश्न, की चप्पल एकालाच का? पुस्तकांनी हात टेकल्यावर मी माणसांना विचारलं.

माझी बायको लहानपणापासून खेकड्याच्या बिळात कोपरापर्यंत हात घालत आली आहे. आजही माहेरी गेली की चालता चालता वाकते आणि हातात खेकडा घेऊनच उभी राहते. हीच बाई पुण्याच्या घरात झुरळ दिसलं की स्टुलावर उभी असते. मी कारण विचारलं. ती म्हणाली, ‘अहो, खेकड्याला नांगी आहे. कुठून चावणार ते माहीत आहे, म्हणजे कुठून धरायचा ते माहीत आहे. पाठीमागून धरला की झालं. झुरळाला धरायचं कुठून?’ यावर मला उत्तर सुचलं नाही. शत्रूला हत्यार असलं की त्याच्याशी रीतसर वागता येतं. झुरळाकडे हत्यार नाही, फक्त वेग आहे. मोठं तांबडं झुरळ सेकंदाला दीड मीटर पळतं, म्हणजे आपल्या लांबीच्या पन्नासपट. खेकडाही पळतो, पण आडवा. त्याच्या पायांचे सांधेच बाजूला वळणारे. आडवं पळणाऱ्याचा माणसाला राग येत नाही. उलट, मंत्रालयात काम करून घेण्याची पद्धत त्याला माहीत आहे असं वाटतं.

मेहुण्याचं मत हिशेबी निघालं. ‘दाजी, खेकडा काय साधा न्हाई. भाताच्या खाचराच्या बांधाला भोकं पाडतो. रात्रीतनं सगळं पाणी खालच्या खाचरात. रोपंबी तोडतो. पर धरला की कालवण व्हतं. झुरळ धरून काय व्हतं?’ हे ऐकल्यावर मला उजेड दिसला. भातवाल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने खेकडा हाही उपद्रवी प्राणीच. फरक इतकाच, की तो नुकसानीची भरपाई जागेवर आणि स्वतःच्या अंगाने करतो. झुरळाच्या बाबतीत भरपाई आपणच औषधवाल्याला देतो, वर तीन महिन्यांनी पुन्हा फवारणीची आठवण करणारा फोन येतो.

खेकड्याच्या भोकांची कीर्ती तर पार मंत्रालयापर्यंत गेली. जुलै २०१९मध्ये चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, झोपेतली माणसं वाहून गेली, आणि तेव्हाचे जलसंधारणमंत्री तानाजी सावंत यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचं सांगितलं. निषेध म्हणून काही मंडळी खेकडे घेऊन पोलीस ठाण्यात गेली : हे घ्या आरोपी. एवढी मोठी दुर्घटना आणि संशयित कोण, तर ज्याला वकील करता येत नाही तो. भोर-वेल्ह्यात धरणांना तोटा नाही. वेळवंडीवरचं भाटघर जवळजवळ शंभर वर्षं उभं आहे, पलीकडे नीरा देवघर आहे, गुंजवणी आहे, आणि सगळ्यांच्या काठाला खेकडे आहेत. वेल्हे तालुक्यातलंच पानशेत १२ जुलै १९६१ला फुटलं, तेव्हा पुण्याचा नदीकाठ धुऊन निघाला. त्या वेळी कोणी खेकड्याचं नाव घेतल्याचं माझ्या ऐकिवात नाही. तेव्हा बहुधा राज्यकारभार खेकड्यांपर्यंत पोचला नव्हता. झुरळांवर मात्र असा आरोप कधीच होत नाही. सरकारी कार्यालयांच्या फायलींत पिढ्यान्‌पिढ्या राहूनही त्यांनी आपलं नाव कुठे येऊ दिलेलं नाही.

प्रतिष्ठेतही दोन पात्यांत तफावत आहे. सह्याद्रीत खेकड्याच्या नवनव्या जाती सापडतात. जांभळे, केशरी, पांढरे, नटलेले खेकडे. २०१६मध्ये तेजस ठाकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच नव्या जाती जगापुढे आणल्या आणि त्यांतल्या एकीच्या शास्त्रीय नावात ठाकरे हे आडनाव आहे. झुरळाला आपलं आडनाव द्यायला महाराष्ट्रातलं एकही घराणं अद्याप पुढे आलेलं नाही.

मी आता नियम बांधायच्या बेतात होतो : थोरली पाती खायची, धाकटी मारायची. पण बाल्कनीतली कुंडी हलवली आणि खाली करड्या रंगाचे, सात जोड्या पायांचे, हात लागला की आकसणारे प्राणी दिसले. आजवर मी त्यांना किडे समजत होतो. पुस्तक म्हणतं, ते कीटक नव्हेत. थोरल्या पातीतले अस्सल कवचधारी, जमिनीवर राहायला आलेले. म्हणजे माझ्या घरात खेकड्याचा झुरळाहूनही जवळचा नातलग बिनभाड्याने राहतो आणि त्याला रश्श्यात घालायचं कोणाच्या मनातही येत नाही. उलट धाकट्या पातीतली लाल मुंगी आमच्याच गडचिरोलीत आदिवासी चटणी करून आवडीने खातात. ओडिशातल्या सिमिलीपालच्या लाल मुंग्यांच्या चटणीला तर २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे आपल्या आंबेमोहोराच्या पंक्तीला ती जाऊन बसली. नियम दोन्ही टोकांनी फुटला, आणि या वेळी खेकड्याचा काही संबंध नव्हता.

राहता राहिला परकेपणा. झुरळं बाहेरून आली, खेकडा इथला, अशी माझी शेवटची आशा होती. ओट्याखालच्या छोट्या झुरळाला जगभर ‘जर्मन झुरळ’ म्हणतात. १७६७मध्ये लिनियसने तसं नाव दिलं. जर्मनीचं म्हटल्यावर जरा आदरही वाटला होता. पण २०२४मध्ये त्याची जनुकं तपासली गेली आणि निष्पन्न झालं, की हे झुरळ सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारतात किंवा म्यानमारमध्ये एका आशियाई झुरळापासून वेगळं झालं आणि माणसाच्या घरात राहायला आलं. युरोपात ते फार उशिरा पोचलं. म्हणजे सातवाहनांच्या सुमाराला आपल्याच मुलखात कुठेतरी चूल पाहून बसलेला हा प्राणी. मोठं ‘अमेरिकन’ झुरळ मूळचं आफ्रिकेचं, ती गोष्ट निराळी.

हा सगळा कागदपत्रांचा जुडगा मी आखाडात सासऱ्यांपुढे मांडला. मामा माळकरी. ते खेकडाही खात नाहीत आणि झुरळही मारत नाहीत; या प्रकरणात दोन्ही पात्यांना सारखा न्याय देणारा मला भेटलेला हा एकच माणूस. शास्त्राला जे जनुकं तपासून कळलं ते मामांना माळ घातल्या दिवसापासून पटलेलं आहे, म्हणून निकाल त्यांच्याकडूनच घ्यावा असं मी ठरवलं. खाचराच्या बांधावर बसून त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं. ऐकता ऐकता बांधाच्या भोकातून एक खेकडा ओढून काढला, पाठीकडून नीट धरला, उठले, आणि दोन खाचरं ओलांडून चुलतभावाच्या बांधावर अलगद सोडून आले. त्या चुलतभावाशी त्यांचा त्याच बांधावरून दावा चालू आहे.

‘मामा,’ मी म्हणालो, ‘म्हणजे झुरळ आणि खेकडा एका घराण्यातले, हे तुम्हाला पटलं?’

‘पटलं की,’ मामा हात धूत म्हणाले. ‘पर पाव्हणं, भाऊबंद हाय म्हणून ताटात घ्यावाच लागतो, असं कुठं लिवलंय?’